निम्मी पाटी

एकदा एका पाटीने एका मोठ्या व्यापाऱ्याला घाम फोडला.

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक वृद्ध आचार्य पाठशाळा चालवीत. तिथे निसर्गविद्येच्या वर्गात भिंतीत बसवलेली एक मोठी काळी पाटी होती आणि तिच्या शेजारी खुंटीवर सदैव एक ओला बोळा लटकत असे. रीत अशी होती की, पाटीवर कुणीही काही लिहावे. पण ते खोटे ठरवणारा पुरावा ज्याच्या हाती लागेल, त्याने उठून बोळा फिरवावा. मग लिहिणारा कुणी का असेना.

ही रीत नुसती सांगण्यापुरती नव्हती. 'वटवाघूळ हा पक्षी आहे' हे वाक्य स्वतः आचार्यांच्या हातचे, आणि ते त्या पाटीवर कितीतरी वर्षे होते. एके दिवशी एका घोंगडीच्या व्यापाऱ्याची नात शाळेमागच्या उंबराखाली पडलेले वटवाघूळ टोपलीत घालून घेऊन आली. त्याच्या छातीशी पिल्लू दूध पीत होते. आचार्यांनी खाली वाकून बराच वेळ पाहिले, मग उठून बोळा पिळला आणि त्या पोरीच्या हातात दिला. पुढे ती आई मेली, तेव्हा तिचा एक पंख मुलांनी वाळवून लाकडी पेटीत जपून ठेवला.

वर्ग आता आचार्यांची एक तरुण शिष्या घेत असे. विषयावर तिची पकड उत्तम, पण काळीज सशाचे. दार वाजले तरी दचकायची. त्यामुळे घोंगडीचे व्यापारी काठी आपटीत भर वर्गात येऊन उभे राहिले, तेव्हा तिच्या हातातला खडू निसटला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

व्यापारी माणूस गावात वजनदार, शब्दाला पक्का. त्यांचे गाऱ्हाणे असे. नात काल जेवताना म्हणाली की, वटवाघळाचा पंख म्हणजे मुळात हातच. आजचे सारे प्राणी जुन्या, वेगळ्या प्राण्यांपासून हळूहळू बदलत आले, असेही ती म्हणाली. आता व्यापाऱ्यांच्या घराण्याकडे गावदेवी डोंगराईच्या उत्सवाचा मान होता. डोंगराईने एका सकाळी नाचणीचे पीठ मळले, त्याचे एकेक प्राणी केले, शेवटी माणूस केला आणि सगळ्यांत फुंकर घातली, ही कथा त्यांच्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. त्या दिवशी पिठाचे प्राणी उकडून गावभर वाटायचे.

"मी तुमचं पुसा म्हणत नाही, बाई," ते म्हणाले. "निम्मी पाटी तुमची, निम्मी आमची. पोरांनी दोन्ही वाचावं आणि पटेल ते घ्यावं. ह्यात अन्याय कुठं आहे, सांगा."

अन्याय कुठे आहे ते शिष्येला चटकन सांगता येईना. व्यापाऱ्यांनी जाताजाता बजावले की, उद्या निम्मी पाटी मिळाली नाही, तर नात परवापासून घरी बसेल. पहिल्या बाकावर बसलेल्या नातीने मान खाली घातली. वर्गात इतके प्रश्न विचारणारी दुसरी मुलगी नव्हती, आणि ती घरी बसली की पुन्हा यायची नाही, हे शिष्येला ठाऊक होते.

तेवढ्यात दारातून आचार्यांचा आवाज आला. "मान्य आहे, शेटजी. उद्या सकाळी या."

 व्यापारी गेल्यावर शिष्येने धीर करून विचारले की, ज्या पाटीसाठी आपण आयुष्य वेचले ती अशी वाटून द्यायची? भीतीपोटी निम्मे सोडायचे, तर मग भित्री मी काय वाईट होते? आचार्य नुसते हसले.

"उद्या बोळा जरा जास्त ओला ठेव," एवढेच म्हणाले.

सकाळी व्यापारी खांद्यावर धुतलेले उपरणे घेऊन आले. आचार्यांनी पाटीच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे शिष्येने लिहिले: 'आजचे जीव पूर्वीच्या वेगळ्या जीवांपासून पिढ्यान्‌पिढ्या बदलत आले आहेत.' आणि खाली पुराव्यादाखल: 'वटवाघळाच्या पंखात आपल्या हातासारखीच पाच बोटे आहेत. पाचही बोटांना नखे आहेत.' उजवीकडे व्यापाऱ्यांनी आपल्या वळणदार अक्षरात डोंगराईची हकीकत लिहिली. अक्षर खरोखरच सुरेख होते.

मग आचार्यांनी बोळा शेजारच्या खुंटीवरून काढला आणि बरोबर मधल्या रेघेच्या डोक्यावर टांगला.

"पाटी निम्मी-निम्मी," ते म्हणाले. "रीत दोघांना एकच. करा सुरुवात."

मुलांनी पेटीतला पंख काढला. बोटे मोजली, ती पाच भरली. नखे मोजली आणि कुजबुज सुरू झाली. व्यापाऱ्यांची नात उठली. घाबरत म्हणाली, "बाई, नखं दोनच आहेत. अंगठ्याला एक आणि शेजारच्या बोटाला एक." तिने बोळा घेतला आणि शिष्येचे शेवटचे वाक्य पुसून टाकले.

शिष्येचे कान तापले. व्यापारी मात्र खुशीत आले. "बघा गुरुजी, पहिल्याच फटक्यात तुमचीच बाजू पुसली की."

"पुसली," आचार्य शांतपणे म्हणाले. "आणि जे पुसता आलं नाही, ते आता कालच्यापेक्षा घट्ट झालं. पाच बोटं अजून तिथंच आहेत. आता तुमची बाजू घेऊ. शेटजी, ह्या पोरांना सांगा, डोंगरात, ओढ्यात, कुठल्याही प्राण्यात काय सापडलं तर तुमचं वाक्य पुसायचं?"

"काही सापडलं तरी नाही," व्यापारी म्हणाले. "ती डोंगराईची गोष्ट आहे. ती पुसायची नसते."

 नातीच्या हातात बोळा तसाच होता आणि ती नेमकी रेघेपाशी उभी होती. तिने प्रश्नार्थक नजरेने आजोबांकडे पाहिले. बोळ्यातून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि उजव्या बाजूच्या पहिल्या अक्षरावर पडला.

व्यापारी झेपावले. त्यांनी आपला पंजा त्या अक्षरांवर दाबून धरला. "हात लावू नकोस, बयो," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शिष्येने त्यांना असे कधी पाहिले नव्हते. भीती कशी दिसते हे तिच्याइतके कुणाला ओळखू येणार?

आचार्य उठून त्यांच्याजवळ गेले.

"शेटजी, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. जे आपल्याला पंजाखाली झाकून धरावंसं वाटतं, त्याची जागा ही पाटी नव्हे. तुमच्या कथेची जागा डोंगरावर आहे, दिव्यापाशी, मळलेल्या पिठापाशी. तिथं कुणी बोळा घेऊन येत नाही, आणि येऊही नये. ही पाटी मानाची जागा नाही हो, ही मार खायची जागा आहे. इथं माझं वाक्य पुसलं गेलं, आज हिचं गेलं. मार खाऊन जे टिकतं, तेवढ्यालाच आम्ही विद्या म्हणतो. निम्मी पाटी मी काल आनंदानं दिली. पण तिच्याबरोबर बोळाही येतो. एका बाजूला बोळा फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूला फिरवायचा नाही, असं केलं तर पोरं त्यातून एकच गोष्ट शिकतील. मोठा माणूस आला की बोळा लपवायचा."

निम्मे-निम्मे वाटणे म्हणजे न्याय नव्हे. दोघांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय. कालपासून जे उत्तर शिष्या शोधत होती, ते असे तिच्यासमोर उभे राहिले.

 व्यापाऱ्यांनी पंजा काढला. नातीच्या हातातल्या बोळ्याकडे पाहिले, पण तो घेतला नाही. खांद्यावरचे उपरणे काढले, त्याच्या स्वच्छ टोकाने आपली अक्षरे स्वतःच हळूहळू पुसली आणि अंगारा बांधावा तसे ते टोक गाठ मारून बांधून घेतले.

जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारले, "बाई, नखं किती म्हणालात?"

"दोन," शिष्या म्हणाली. या खेपेला ती दचकली नव्हती. "मी पाच लिहिली होती. चुकले होते."

"हं," व्यापारी म्हणाले. मग नातीला, "उद्या उशीर करू नकोस शाळेला. आणि आज लवकर ये, पीठ मळायचंय."

त्याच संध्याकाळी डोंगरावर डोंगराईचा उत्सव झाला. आचार्य आणि शिष्या दोघेही देवळाच्या पायऱ्यांवर बसून कथा ऐकत होते. व्यापाऱ्यांच्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी ती अशी रंगवून सांगितली की शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. तिथे तिला कसलाही पुरावा मागावासा वाटला नाही.

कथा संपल्यावर नात केळीच्या पानावर प्रसाद घेऊन आली. हत्ती होता, मोर होता. शिष्येच्या वाट्याला मात्र तिने मुद्दाम नाचणीचे एक वटवाघूळ ठेवले होते, पंख पसरलेले.

शिष्येने आधी त्याची नखे मोजली. एकेका पंखाला दोन-दोन होती. मग हात जोडले आणि ते खाल्ले.