पाटेखोलची न पुरलेली खूण

दाराला बाहेरून कडी लावली होती, हे आधी कबूल करा. कडी आपोआप लागत नाही.

पाटेखोलचे गुरवकाका पाहुण्यांना गोष्ट सांगायला बसले की सुरुवात अशी करतात. कोकणात शिमग्याला ‘खूण’ काढतात. जमिनीत नारळ पुरायचा आणि खांद्यावर नाचणाऱ्या पालखीने तो शोधायचा. पाटेखोलात मात्र नारळ पुरत नाहीत.

फार पूर्वी, असे सांगतात, भिवा खोताला येसू नावाची मुलगी होती. तिचे पाय जन्मापासून लुळे. थोरलीची सोयरीक मोडेल म्हणून येसूला कधी बाहेर आणलेच नाही. शिमग्याला अंगणात माणसे जमत, तेव्हा तर तिला गोठ्यात कोंडत. गावाला वाटे, ती केव्हाच गेली. नऊ शिमगे तिने ढोल नुसता ऐकला. सारे ठेके तिला पाठ होते; ढोल दिसतो कसा, हे मात्र ठाऊक नव्हते.

दहाव्या वर्षी खोताच्याच अंगणात, फणसाखाली नारळ पुरला. पालखी आली आणि फणस सोडून गोठ्याकडे वळली.

“धाकू, पावलं वाकडी पडतायत. सकाळीच माडी घेतलीस काय रे?” लोक हसले.

“मी नाय ओढत, तीच ओढतेय!” पालखीचा खांदेकरी धाकू ओरडला.

मागे आणली, तरी पुन्हा तिकडेच. तिसऱ्यांदा पालखीचा दांडा गोठ्याच्या दारावर आदळला, म्हणे, आणि ढोल थांबला. त्या शांततेत आतून कुणीतरी घमेल्यावर तोच ठेका धरला.

खोताने मान खाली घातली. येसूच्या आईने दार उघडले.

“पोरी, देवाकडे काय मागतेस?” गावाने विचारले. सगळ्यांना वाटले, पाय मागेल.

“ढोल जवळ आणा ना,” ती म्हणाली.

नाचती पालखी खाली टेकवत नाहीत. त्या दिवशी टेकवली, तिच्या शेजारी. थोरलीची सोयरीक मोडली, असेही सांगतात. काका ते गाळत नाहीत.

आजही पाटेखोलात पालखी प्रत्येक अंगणात टेकते, आणि घरातले शेवटचे मूल बाहेर येईपर्यंत ढोल वाजत नाही.

परवा गोष्ट संपली आणि पाहुणे फोटो काढायला उठले. मागे बसलेली एक बाई तेवढी उठली नाही.

“काका,” ती म्हणाली, “शिमग्याला माझ्या धाकट्याला आणलं तर थांबाल ना? त्याला बाहेर यायची सवय नाहीये.”