भाजण्याची तीन नावे

एकदा एक कापडाचे व्यापारी, साठीला टेकल्यावर, इंग्रजी शिकायला आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे गेले. पेठेत त्यांचा मोठा दरारा. इथे मात्र ते गुरुजींसमोर मुकाट मांडी घालून बसले. कारणही तसेच होते. त्यांची मुलगी केतकी पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात शेफ होती, आणि तिने आईवडिलांना रविवारी तिथे जेवायला बोलावले होते.

केतकीने हे शिक्षण निवडले, तेव्हा व्यापारी फटकन बोलून गेले होते, “लाटणंच हातात घ्यायचं होतं, तर एवढं शिकवलं कशाला?” पोरगी शिकली, नावारूपाला आली, फोनवर तब्येतही विचारायची; पण आपल्या कामाविषयी वडिलांपाशी तिने पुन्हा चकार शब्द काढला नाही. ते त्यांना आतून फार खात होते. तिच्या हॉटेलात इंग्रजी मेनू आपण स्वतः वाचावा, तिच्या पदार्थाला त्याच्या नेमक्या नावाने दाद द्यावी, म्हणजे ती पुन्हा मोकळी होईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट पटापट जमले. गाडी अडली ती बेक, रोस्ट आणि ग्रिल या तीन शब्दांपाशी. रात्री पाठ करावेत आणि सकाळी गुरुजींसमोर त्यांची खिचडी व्हावी. शेवटी ते वैतागून म्हणाले, “सर, तिन्ही म्हणजे भाजणंच की! एका कामाला तीन-तीन नावं कशाला हवीत?”

गुरुजी हसले. म्हणाले, “ऊठ. स्वयंपाकघरात चल.”

तिथे त्यांनी तीन रताळी काढली. एक शेगडीच्या निखाऱ्यांत पुरायला सांगितले, दुसऱ्याच्या चकत्या जाळीवर मांडायला लावल्या, आणि तिसरे ज्या छोट्या ओव्हनमध्ये ते नानकटाई करत, त्यात ठेवायला सांगितले. मग स्वतः खुर्ची ओढून स्वस्थ बसले. व्यापाऱ्यांनी उभ्या जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. जाळीवरच्या चकत्या उलटायला उशीर झाला, त्या काळ्या पडल्या. निखाऱ्यातले घाईने काढले, ते मधोमध कच्चे निघाले. डोळ्यांतून पाणी, बोटाला चटका.

“सर, मी इंग्रजी शिकायला आलोय, आचारी व्हायला नाही!”

“दुसरी रताळी टोपलीत आहेत,” गुरुजी म्हणाले.

दुपार कलली तेव्हा कुठे तिन्ही बशा समोर आल्या. व्यापाऱ्यांनी चाखून पाहिले. निखाऱ्यातल्या ‘रोस्ट’ला धुराचा वास होता आणि आत लोण्यासारखा मऊपणा, जाळीवरचे ‘ग्रिल’ कडेने करपट आणि खमंग, ओव्हनमधले ‘बेक’ सगळीकडून सारखे आणि गोड.

तेव्हा गुरुजी म्हणाले, “तुझ्या दुकानात मलमल आणि वायल मला एकच वाटतात. तू मात्र चिमटीत धरून, न बघता सांगतोस. तुझी बुद्धी माझ्यापेक्षा जास्त आहे असं नव्हे रे. तुझा हात त्यांवरून फिरलाय. लांबून पाहणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. तू जन्मभर ताटापाशी बसलास. चुलीपाशी किती निरनिराळी कामं चालली होती, पण तुझ्यापाशी येईतो त्या सगळ्यांचं मिळून नुसतं ‘जेवण’ झालं. शब्द काय, पाठ होतील. पण ज्या कामाकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, त्याचं कौतुक कसं करणार?”

व्यापाऱ्यांना आपलेच ते लाटण्याचे बोलणे आठवले आणि शरमेने त्यांची मान खाली गेली.

रविवारी हॉटेलात त्यांनी मेनू वाचला आणि ग्रिल्ड पनीर मागवले. ते अगदी नेटके झाले होते. थोड्या वेळाने पांढऱ्या कोटातली केतकी टेबलापाशी आली आणि पाहुण्यांना विचारावे तशी अदबीने म्हणाली, “बाबा, ठीक आहे ना सगळं?”

पाठ केलेले इंग्रजी वाक्य व्यापाऱ्यांच्या ओठांवर होते. ते बाजूला ठेवून ते म्हणाले, “केतू, जाळीवर हे उलटायची नेमकी वेळ कशी कळते गं तुला? माझं तर प्रत्येक वेळी करपत होतं.”

केतकी पाहतच राहिली. “तुमचं? बाबा, तुम्ही केलंत?”

“केलं. आणि तुला तेव्हा जे बोललो, ते चुकलं माझं.”

तिने खुर्ची ओढली आणि कोटासकट तिथेच बसली. आधी वास बदलतो, मग आवाज, असे ती सांगू लागली. हातवारे करत, लहानपणी शाळेतल्या गमती सांगायची तशी. व्यापारी हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले.

ती आत गेल्यावर समोर बसून सगळे ऐकत असलेली तिची आई म्हणाली, “छान विचारलंत हो. इतक्या वर्षांत मला नाही कधी विचारलंत.”

व्यापाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. मेनू मिटून ठेवला, खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि म्हणाले, “चुकलंच. आता विचारतो. तुझी भाकरी फुगते कशी, ते सांग.”