तात्याच्या ट्रकची काच

दोष तात्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावातली म्हातारी मंडळी अजून पोराच्याच नावाने बोटं मोडतात. तात्याला शिकवायची भारी हौस. फक्त तो काम बिघडल्यावर शिकवायचा.

तर खडकेवाडीत सुभान नावाचा एक भोळा होता. या तात्याचाच मुलगा. एकदा सांगितलेलं तो विसरायचा नाही. तोच त्याचा रोग.

तात्याच्या दारात आज्याच्या वेळचा लांब नाकाचा ट्रक उभा होता. त्यात कोंबड्या राहायच्या. समोरची काच नव्हती. शेजारच्या गावच्या रंगनाथमामांनी निरोप धाडला, "ट्रक चालता करून दावा, आमची कौसा तुमच्या सुभानला देतो." सुभानचा जीव कौसावर होता. जत्रेत एकदा तिने त्याला येडा म्हटलं होतं. इतकं आपलेपणाने त्याला कुणीच म्हटलं नव्हतं.

सुभान तालुक्याला जाऊन काच घेऊन आला. सायकलच्या कॅरिअरवर, आडवी. वेशीपर्यंत एक काच होती, दारापर्यंत पुष्कळ झाल्या.

"काच अशी आणत्यात व्हय रं, गाढवा?" तात्या म्हणाला. "गोधडीत गुंडाळायची. उभी धरायची. घर येईस्तोवर कुठं टेकू द्यायची न्हाई."

"बरं, तात्या."

दुसरी काच तात्याने स्वतः आणली. बसवताना रबर कुरकुरलं. सुभानने जोर केला. रबर फाटलं.

"कुरकुरलं की साबणाचं पाणी सोडावं, एवढं बी कळत न्हाई?"

"आता कळलं, तात्या."

नवं रबर आलं, साबणाचं पाणी सोडलं, काच सुळकन बसली. तात्याने गावभर सांगितलं, मी बसवली.

मग मामांचं ट्रक बघायला यायचं ठरलं. तात्या म्हणाला, "स्टँडवरनं मामांना जपून आण."

जपून कसं आणायचं ते सुभानला ठाऊक होतं. मामा एसटीतून उतरले ते थेट गोधडीत. वैशाखाचं ऊन. वाटेत मामा पारावर टेकायला बघत होते. सुभानने टेकू दिलं नाही.

"पाव्हण्याला हात लावत्यात व्हय रं?" तात्याने कपाळ बडवलं. "पाव्हणा पुढं, आपण मागं. हात जोडून चालायचं. आडवं म्हणून जायचं न्हाई."

"बरं, तात्या."

मामा तिथूनच परत गेले असते. पण जावयाचा ट्रक डोळ्यांपुढे होता. घाम पुसून म्हणाले, "पोरगा साधा दिसतोय. चांगलंच हाय." कौसाला कुणी विचारलं नव्हतं. तशी पद्धत नाही.

ट्रकचा स्टार्टर मेलेला. त्यामुळे तो उतारावर नेऊन, सोडून देऊन चालू करायचा. सगळ्यांनी ढकलत उतारावर नेला आणि चाकाखाली दगड लावला. नेताना ब्रेक चांगलाच कुरकुरला. दोघे वडीलधारे चहाला बसले. सुभानने साबणाची बादली आणली आणि चारी चाकांच्या ब्रेकमध्ये फटीफटीतून पाणी सोडलं.

चहा झाला. तात्या स्टिअरिंगवर, मामा शेजारी.

"काढ दगड."

सुभानने काढला. ट्रक निघाला. इंजिन चालू झालं नाही. तात्याने ब्रेक दाबला. ब्रेक अजिबात कुरकुरला नाही.

"सुभान्या, पळ पुढं! दगड टाक चाकाखाली!"

"पाव्हण्याला आडवं जाऊ व्हय, तात्या?"

मामांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "अरं धर की रं कुठंतरी."

"न्हाई मामा, हात लावायचा न्हाई. तुम्ही व्हा पुढं."

मामा पुढे झाले. उताराच्या तळाला गावतळं होतं. ट्रक त्यात नाकापर्यंत गेला. सुभान मागून सावकाश आला आणि काठावर हात जोडून उभा राहिला. मामा छातीइतक्या पाण्यातून बाहेर येत होते. सुभान बाजूला सरला आणि म्हणाला, "या मामा, व्हा पुढं."

मामा पुढे झाले, ते थेट एसटीपर्यंत. मागे चिंब तात्या सुभानला शिकवत बसला, ब्रेकला साबण लावायचा नसतो.

कौसाचं लग्न दुसरीकडे झालं.