वाटी आणि मोगऱ्याचा हार

घरोघरी घड्याळं यायच्या फार आधी लग्नाचा मुहूर्त तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सांगायची. घंगाळातल्या पाण्यावर सोडलेली वाटी भरून बुडाली, की एक घटका झाली.

एका लग्नात पूजेच्या अक्षतेचा दाणा तिच्या भोकात अडकला. वाटी तरंगतच राहिली.

"अजून अवकाश आहे," गुरुजी सगळ्यांना सांगत राहिले.

शेवटी नवरीच्या आईने ताटातला मोगऱ्याचा हार उचलला. "गुरुजी, फुलं कोमेजली. मुहूर्त टळला तर नाही ना?"

वाटी गोंधळली. "मी बुडाले नाही, म्हणजे वेळ गेलीच नाही," ती हाराला म्हणाली. "मग तू कोमेजलास कधी?"

हार म्हणाला, "ते तर तू सांगायचं होतंस."