रविवारचा रस

प्रवरेच्या काठी निंबेगाव म्हणून एक लहानसे गाव आहे. तिथल्या दगडी चर्चच्या मागे दोन खोल्यांच्या घरात लूकसबाबा सव्वीस वर्षे राहिले. ते मंडळीचे पाळक होते, पण त्यांना कुणी पाळकसाहेब म्हटलेले मी ऐकले नाही. ख्रिस्ती असो वा नसो, सारे त्यांना बाबाच म्हणत. त्यांच्या हातून प्रभूने जी कृत्ये करून घेतली त्यातले एक आज सांगतो. ऐकणाऱ्याने मन मोकळे ठेवावे. ज्याला हिशेब मांडून बघायचे असेल त्याने खुशाल मांडावा, बाबा त्यावर कधी रागावले नाहीत.

निंबेगावात तेव्हा गुऱ्हाळ होते ते बेंजामिन चक्रनारायण यांचे. हे गृहस्थ मंडळीचे पंच. अंगाने धिप्पाड, बोलायला फटकळ. त्यांचा धाकटा भाऊ हाबेल त्याच गुऱ्हाळात काम करी. सलग तीन दिवस जागून गूळ काढणे चालले असताना एका रविवारी पहाटे त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि तो उकळत्या रसाच्या प्रचंड कढईत, काहिलीत, पडला. त्याला वाचवता आले नाही. लेकराचे वय बावीस होते.

त्यानंतर बाबांनी गावात एक रीत घातली. शनिवारी दिवस मावळताना चर्चची घंटा वाजे. ती वाजली की काहिलीखालच्या चुलवाणातला जाळ बाहेर ओढायचा, ऊस पिळायच्या चरकाचे इंजिन बंद करायचे आणि सोमवारच्या पहाटेपर्यंत गुऱ्हाळात कुणी कामाला हात लावायचा नाही. म्हणून शनिवारी दुपारनंतर ऊस मोजूनच चरकात घालत. शेवटच्या काहिलीला पुरेल इतकाच रस काढायचा, कारण उसाचा रस सहा-सात तासांत आंबतो आणि आंबलेल्या रसाचा गूळ बसत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

बेंजामिनअप्पांना ही घंटा सुरुवातीपासून खुपत होती. "आळशांची घंटा," असे ते चारचौघांत म्हणत आणि मोठ्याने हसत. वास्तविक भाऊ त्यांचा गेला होता. पण दुःखाने काही माणसे मऊ होतात, काही आणखी कडक होतात. अप्पा दुसऱ्या जातीचे निघाले. हाबेलला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी काहील पुन्हा चढवली होती.

त्यांच्याकडे गुळव्या होता शांतवन पारधे. गुळव्या म्हणजे रस कधी उतरवायचा हे ओळखणारा माणूस. सगळा गूळ त्याच्या नजरेवर अवलंबून असतो. शांतवन अगदी गरीब स्वभावाचा, कुणी ओरडले तर आधी स्वतःचेच काही चुकले का ते बघणारा. हाबेलला काहिलीतून बाहेर ओढले ते त्यानेच. कोपरापर्यंत त्याचे दोन्ही हात तेव्हाचे भाजलेले होते.

त्या वर्षी शिमगा जवळ आला होता आणि ऊन तापू लागले होते. शनिवारी दिवसभर शांतवन काहिलीपासून हलला नाही. शेवटचा पाक थिजायला वाफ्यात, म्हणजे उथळ खळग्यात, ओतून त्याने कपाळ पुसले, तेवढ्यात घंटा सुरू झाली. तो मांदण बघायला गेला. मांदण म्हणजे रस साठवायचे ते जमिनीतले चिरेबंदी टाके. ते रिकामे असायला हवे होते. ते काठोकाठ भरलेले होते.

इंजिनापाशी अप्पा उभे होते. त्यांनी स्वतः उभे राहून दोन काहिलींचा जास्तीचा रस काढला होता.

"अप्पा, हे काय केलं?" शांतवन म्हणाला. "घंटा झाली की."

"कानाला ऐकू येतंय मला. आता रस निघाला तो निघाला. चढव काहील."

"मध्यरात्र होईल अप्पा. मानसं रात्री दोनला उठल्याली हैत."

"मग घाल रस नदीला. जा, विचार तुझ्या बाबांना, देवाला नासका रस आवडतो का."

शांतवन तसाच चर्चकडे गेला. बाबा घंटेचा दोर खुंटीला बांधत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला, हे सांगायला हवे. संतांना चिंता पडत नाही असे समजणारे भाबडे असतात.

"शांतवन, गाय अडली असती तर मी म्हणालो असतो, घंटा विसर," बाबा म्हणाले. "माणूस आजारी असता तरी म्हणालो असतो. पण गूळ तू काढतोस. तू सांग, काय करावं?"

शांतवनने आपल्या भाजलेल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "बाबा, जाळ घालनारा गडी दुपारपासून दोनदा पेंगलाय. माजे हात बी थरथरत्यात. म्या न्हाई चढवनार काहील. पुन्यांदा कुनाला त्यातून वडायला लागलं तर मला जमायचं न्हाई."

"मग मी तुझ्याबरोबर आहे," बाबा म्हणाले. खांद्यावरची घोंगडीसारखी जाड शाल सावरून ते त्याच्यासोबत गुऱ्हाळात आले.

शांतवनने नकार सांगितला तेव्हा अप्पांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्याने सगळेच जास्त घाबरले.

"ठीक आहे. सोमवारी हा रस नासका निघाला, तर नेवाशापासून राहुरीपर्यंत एकाही गुऱ्हाळात तुला उभं राहू देणार नाही. गुळव्या म्हणून तुझं नाव संपलं. आणि बाबा, नासला तर ही घंटाही उतरवायची. कबूल?"

शांतवनला दुसरे कसलेही काम येत नव्हते. शेत नव्हते, हातांमुळे कुणी खोदाईलाही घेत नव्हते. तरी त्याने मान हलवली. "कबूल हाय, अप्पा."

बाबांनी आपली शाल काढली आणि मांदणावर पसरली. तिची चार टोके त्यांनी चार दगडांखाली दाबली, गुडघे टेकून थोडा वेळ प्रार्थना केली आणि घरी गेले.

रविवारी चर्च भरले होते, पण लक्ष कुणाचे उपासनेत नव्हते. बाबा त्या दिवशी विसाव्यावरच बोलले. म्हणाले, "तुम्ही सगळे माझ्याकडे प्रार्थना मागायला येता. दुखण्यासाठी मागता, लग्नासाठी मागता, पावसासाठी मागता. विसावा मागायला कुणी येत नाही. आपल्याला वाटतं, आपण डोळे मिटले तर जग चालायचं नाही. सहा दिवस देवावर विश्वास आहे म्हणणं सोपं आहे. सातव्या दिवशी हात बांधून बसायचं, तेव्हा कळतं विश्वास किती आहे तो. आणि हे एकट्याला जमत नाही. शेजाऱ्याचा जाळ पेटलेला असताना आपला विझवणं कुणाला जमेल? म्हणून घंटा सगळ्या गावासाठी एकच आहे."

हे चालू असतानाच पंचांच्या बाकावरून अप्पा उठले आणि बाहेर पडले. ते सरळ मांदणाकडे गेले. सोमवारी वाद नको, आपल्यापाशी पुरावा असावा, असा त्यांचा विचार. शालीचे एक टोक उचलून त्यांनी दोन घागरी रस भरून घेतला आणि टोक पुन्हा दगडाखाली ठेवले. रस तेव्हा चांगला होता, पण त्यांनी मनात म्हटले, रात्रीच्या गारव्याने टिकला असेल, ऊन अजून कुठे चढले आहे! घागरी त्यांनी घरी नेऊन ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि माजघराच्या गारव्यात ठेवल्या.

उपासना संपल्यावर बाबा जेवले आणि गुऱ्हाळात आले. मांदणाशेजारी चिपाडांचा ढीग होता. त्यावर त्यांनी अंग टाकले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाच मिनिटांत घोरू लागले. शांतवनची बायको सलोमी लांबून बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "आपली चूल इझायची येळ आली आन् बाबा झोपलं की हो."

"झोपू दे त्यांना," शांतवन म्हणाला. "तू बी पड जरा." पण तो स्वतः ताटावरून तसाच उठला होता.

ऊन चांगलेच तापले. वारा पडला. तीनच्या सुमारास अप्पा घरातून धावत आले. त्यांच्या हातात घागर होती आणि तिच्या तोंडातून पांढरा फेस सांडत होता. आंबूस वास चार घरांपर्यंत गेला. माणसे गोळा झाली.

"बघा," अप्पा ओरडले. "सावलीत ठेवला, ओल्या फडक्यात ठेवला, तरी नासला. उठा बाबा. उठा आणि तुमच्या शालीखाली काय शिजलंय ते दाखवा लोकांना."

सलोमीने पदर तोंडात धरला. शांतवन भिंतीला टेकून उभा राहिला.

बाबा उठून बसले. त्यांनी डोळे चोळले आणि फेसाकडे पाहिले.

"मी नाही काढणार शाल. सोमवारी पहाटे काढायची असं ठरलंय," ते म्हणाले. "तुला बघायचं तर बघ, बेंजामिन. तुला कुणी अडवलेलं नाही."

अप्पा वाकले. त्यांचा हात शालीवर गेला.

"फक्त एक सांग," बाबा म्हणाले. "रस नासलेला निघाला तर आज रात्री तुला झोप लागेल? आणि चांगला निघाला तर लागेल?"

अप्पांचा हात थांबला.

"हाबेलला जाऊन दोन वर्षं झाली. तू शेवटचा कधी झोपलास रे?"

"हाबेलचं नाव काढू नका, बाबा." अप्पांचा आवाज फाटला. "सांगून ठेवतो. नाव काढू नका त्याचं."

घागर तिथेच आपटून ते निघून गेले. त्यांनी शाल उचलली नव्हती. बाबा संध्याकाळपर्यंत तिथेच बसले आणि मग घरी गेले.

सोमवारी तांबडे फुटायच्या आधीच सारा गाव गुऱ्हाळात जमला. आदल्या दिवशी फुटलेल्या घागरीचा आंबट वास अजून तिथे होता, त्यामुळे मांदणातून वास येतो की नाही हेही कळेना. अप्पा सगळ्यांच्या पुढे उभे होते. त्यांचे डोळे लाल होते.

बाबांनी एकेक दगड बाजूला केला आणि शाल ओढली.

रस निवांत पडला होता. वर फेस नव्हता, एक बुडबुडाही नव्हता. आत्ताच चरकातून उतरावा तसा हिरवट रंग होता. शांतवनने खाली बसून ओंजळ भरली, पण स्वतः प्यायला नाही. तो उठला आणि भाजलेल्या हातांची ती ओंजळ त्याने अप्पांपुढे धरली.

"बघा अप्पा. तुमचाच रस हाय."

अप्पांनी तोंड फिरवले. मग वाकून एक घोट घेतला. घोगऱ्या आवाजात एवढेच म्हणाले, "गूळ बसू दे आधी."

ते खरेच होते. रस जिभेला गोड लागतो आणि काहिलीत दगा देतो, असे होते. चुलवाण पेटले. तिकडे इंजिन सुरू झाले आणि गाड्यांवरचा ऊस चरकात जाऊ लागला. रस उकळला, मळी वर आली, ती काढली. तीन तास शांतवनने काहिलीवरची नजर हलवली नाही. मग पाकाचा थेंब त्याने गार पाण्यात टाकला. थेंब विरघळून गेला. गर्दीतून कुणीतरी सुस्कारा सोडला. थोड्या वेळाने दुसरा टाकला, तोही विरघळला. सलोमी डोळे मिटून बसली. तिसरा थेंब पाण्यात गेला, तळाशी बसला आणि शांतवनने बोटांनी तो उचलला तेव्हा त्याची घट्ट गोळी झाली होती.

"उतरवा," तो म्हणाला. एवढा एक शब्द बोलतानाही त्याला रडू आवरेना.

वाफ्यात ओतलेला गूळ सोन्यासारखा बसला. आता काही शहाणे म्हणतात, मांदण खोल होते, चिरे गार होते, शाल जाड होती. असेल. मग त्याच रसाच्या दोन घागरी ओल्या फडक्यात का नासल्या, ते त्यांनी मला सांगावे. मी वाट बघतो आहे.

लूकसबाबा एका पालथ्या पाटीवर बसले होते. अप्पा त्यांच्यासमोर आले. एवढा धिप्पाड माणूस, पण गुडघ्यांवर कोसळला आणि त्याने बाबांच्या पायांवर डोके ठेवले. बाबा कुणालाही पाया पडू देत नसत. वाकणाऱ्याला ते मध्येच धरत आणि वर बोट दाखवत. त्या दिवशी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

"मीच त्याला जागवलं, बाबा," अप्पा म्हणाले. "हाबेल म्हणाला होता, दादा, घटकाभर पडतो. मी म्हणालो, एवढी काहील उतरव आणि पड."

बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. ज्याच्यापाशी तो निजला आहे, त्यालाही ठाऊक आहे. आता पुरे."

अप्पा हुंदके देत राहिले. हळूहळू हुंदके थांबले. लोक वाट बघत होते की आता उठतील, मग उठतील. पण ते उठेनात. शांतवन घाबरून जवळ गेला आणि वाकून बघितले.

अप्पांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडे होते आणि श्वास लहान मुलासारखा चालला होता.

शांतवनने मागे वळून हात वर केला आणि इंजिन बंद करायची खूण केली. चरक थांबला. काहिलीखालचा जाळ ओढला गेला. सलोमीने बाबांसाठी भाकरी आणली, पण पाय हलेल म्हणून त्यांनी ती घेतली नाही. सोमवार होता, ऊस गाड्यांवर वाळत पडला होता, तरी बेंजामिनअप्पा जागे होईपर्यंत निंबेगावात कुणीही कामाला हात लावला नाही.