पेशीची चूल

"शत्रूला घरात घ्यायचं, वर त्याच्या आवडीचं रांधून घालायचं... अशाला काय म्हणावं, भंते?"

"कोण आहे असा?"

"माझी पेशी."

भंते उपसेन नव्वदीकडे झुकलेले. कानाला हात लावून ते पुढे वाकले. "कोण?"

"पेशी, भंते. रक्तातली राखणदार. जंतू दिसला की गिळायचा, हे तिचं काम. आम्ही तिला भक्षक पेशी म्हणतो."

पवनीच्या पुढे, वैनगंगेच्या काठावरच्या टेकडीवर छोटा विहार आहे. भंते तिथे एकटेच राहत. त्या सकाळी उत्पला रामटेके आपल्या आईला घेऊन तिथे आली होती. खरं तर आईनेच तिला आणलं होतं.

उत्पला हैदराबादला संशोधक होती. क्षयाचा जंतू आत शिरला की भक्षक पेशीचा चयापचय कसा बदलतो, हा तिचा विषय. परदेशातल्या सभांत ती कागद हाती न घेता बोलायची. समोरचा चुकला तर त्याला वाक्य पुरं करू द्यायची नाही.

मग तोच क्षय तिच्या छातीत निघाला. कुठून लागला, कळलं नाही. हाडांवर कातडं तेवढं उरलं. औषधं पुरी झाली, ती बरी झाली. पोरगी उठून बसली की भोजनदान करीन, असं आईने मनाशी धरलं होतं. म्हणून हे डबे, म्हणून ही टेकडी.

आई, पंचफुलाबाई, डबे मांडून बाजूला बसल्या. भिक्खूंचं जेवण एकवेळचं, तेही सूर्य माथ्यावर यायच्या आत. त्यांची नजर सारखी अंगणातल्या ध्वजाच्या खांबाच्या सावलीवर होती.

भंतेंना मात्र घाई दिसत नव्हती.

"जंतू यायच्या आधी कशी राहते ती?" त्यांनी विचारलं.

"सुखात. तिच्या आत एक चूल असते, असं समजा. मंद आचेची. साखर, चरबी, जे येईल ते प्राणवायूवर सावकाश जाळते. शेवटच्या कणापर्यंत. थोडक्यात पुष्कळ भागतं."

"आणि आल्यावर?"

"सगळं बदलतं. मंद आच सोडून देते. साखर भराभर ओढते, अर्धवट जाळते, आंबलेलं उरलंसुरलं बाहेर टाकते. हिशेबाने तोटाच. पण ताकद तेव्हाच्या तेव्हा मिळते. हत्यारं घडवायला मालही मिळतो."

"घाईत पोट भरते म्हणायची."

"...हो. आणि त्या बिघडलेल्या चुलीतूनच ती एक आम्ल करते. त्याने जंतूची उपासमार होते. तिचा स्वतःचा भडकाही त्यानेच आवरतो." उत्पलाची मान ताठ झाली. "त्या आम्लाच्या वाटेतली एक पायरी मी दाखवली, भंते. माझ्या आधी कोणी पाहिली नव्हती."

"छान. मग राग कशाचा?"



"हा जंतू लबाड असतो. गिळला जातो, पण मरत नाही. पेशीची धावपळ थंड करतो. तिला चरबी साठवायला लावतो, थेंब थेंब. ती फेसासारखी फुगते. हा आत बसून तीच चरबी खातो... मी वर्षानुवर्षं हे पाहिलं. वाटलं, याला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही. आणि माझ्याच छातीत माझीच पेशी त्याला पोसत होती."

तिचा आवाज चढला. "सगळे म्हणतात, वाचलीस, आभार मान. कोणाचे मानू? या शरीराचे? ते तर फितूर निघालं."

वारा आला. पिंपळाची पानं वाजली, थांबली.

"मग तू वाचलीस कशी?"

"औषधांनी."

"औषध सुरू व्हायच्या आधी?"



"आधी... आधी पेशींनी त्याला वेढून धरलं होतं. कित्येक महिने. एकीला एक चिकटून, गाठ करून. मारता आलं नाही त्यांना. पण शेवटपर्यंत पसरूही दिलं नाही. आतल्या मरत गेल्या..."

"मग?"

"बाहेरून नव्या येत गेल्या. त्यांच्या जागेवर."

"तुला कळत होतं?"

"नाही. मी तेव्हा व्याख्यानं देत फिरत होते."

भंतेंनी काठी खाली ठेवली. थरथरते दोन्ही हात वर नेले, जोडले, आणि तिच्या छातीसमोर मान लववली.

उत्पला धडपडून उठली. "भंते! हे काय? भिक्खू कधी गृहस्थाला हात जोडतो का?"

"तुला कुठे जोडले?"

उत्पला खाली बसली. हात आपोआप छातीवर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. आत काय काय होऊन गेलं, ते तिला तोंडपाठ होतं. पण आज पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.

"भंते, बारा वाजाले आले जी," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या. "वाढू का?"

"जरा थांबा, बाई." भंते उत्पलाकडे वळले. "हैदराबादला तू अंथरुणावर होतीस. तेव्हा आई काय खायची?"

"आई?"

"हो."

कोणती पेशी किती साखर ओढते, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण हे...

"आई, तू काय खायचीस गं?"

"मी?" पंचफुलाबाई ओशाळल्या. "आता हे काय विचारनं झालं? खाऊन घेवो काहीतरी. उभ्याउभ्यानं. तुले पेज पाजली का त्याच गंजात उरलेली खरवडून..." त्यांनी हात झटकला. "भंते, टाइम चालला जी."

भंडाऱ्यात पंचफुलाबाईंची खानावळ होती. कॉलेजची पोरं जेवायची. डाळ मंद आचेवर, अर्धी सकाळ. कोणी पोरगा घाईत उभ्याने घास घेऊ लागला तर बाई त्याचं ताट काढून घ्यायच्या. "बसून खाय, अन्न पळून नाही जात." पोरगी आजारी पडल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी खानावळीला कुलूप लावलं आणि तशाच गाडीत बसल्या.

उत्पलाला आता एकेक दिसू लागलं. गॅसपाशी पाठमोरी आई. कुकरच्या शिट्ट्या. एका हातात औषधाची वाटी, दुसऱ्या हातात पोळीचा कोरडा तुकडा. पेज नको म्हणून आपण भिंतीकडे केलेलं तोंड. दर आठवड्याला दवाखान्यात वजन व्हायचं ते एकटीचं. आईला काट्यावर उभं कर, असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिने आईकडे नीट पाहिलं. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आई... किती वाळलीस तू."

"वय झालं, बापा."

ध्वजाच्या खांबाची सावली पायाशी आली, आणि हळूच पलीकडे निघाली. पंचफुलाबाईंचा चेहरा पडला.

"गेली येळ... भंते, पाहाटपासून रांधलं होतं जी. तुमच्या पात्रात एक घास नाही पडला. सारं वाया गेलं."

"डब्यात काही उरलं नाही का?"

"नाही जी, भरले हायेत. जसेच्या तसे."

"मग वाया काय गेलं?"

भंतेंनी आपलं पात्र उचललं, पुसलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं.

बाईंना काही उमगलं नाही. उत्पला मात्र उठली. तिने चटई झटकून सावलीत अंथरली, आईचा हात धरला, तिला बसवलं.

"हे काय? भंते उपाशी, अन् मी जेवू? असं कुठं असते?"

"बसा, बाई," भंते म्हणाले.

उत्पलाने डबे उघडले. भात, वरण, वांग्याची भाजी, खीर. स्वतःच्या हाताने वाढलं. बाईंनी पहिला घास भरभर कोंबला, दुसरा उचलला, तेवढ्यात उत्पलाने त्यांचं मनगट धरलं.

"सावकाश, आई."

बाई थांबल्या. लेकीकडे पाहत राहिल्या. मग मांडी नीट घालून बसल्या, आणि भात कालवून, चावून, सावकाश जेवू लागल्या. असं जेवून त्यांना किती काळ झाला होता कोण जाणे. मधेच एक घास त्यांनी लेकीच्या तोंडात घातला. आजारापासून उत्पलाला अन्न मातीसारखं लागायचं. हा घास तिने गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

उत्पला पुढे हैदराबादला परतली. काम तेच करते. बोलताना आता समोरच्याला वाक्य पुरं करू देते म्हणतात. खानावळही पुन्हा उघडली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी ती भंतेंसमोर येऊन बसली. तीनदा वाकली. डोकं वर काढलं तेव्हा तिला भरभरून बोलायचं होतं.

"भंते, तुम्ही आज उपाशी राहिलात, आमच्यापायी! उद्या सकाळपर्यंत आता काही नाही... हे मी कसं फेडू? आणि मला आत्ताच सुचतंय, त्या पेशींनासुद्धा—"

भंतेंनी ओठांवर बोट ठेवलं. चटईकडे पाहिलं.

"हळू बोल, बाळ. आई जेवतेय."