खुशाल गावाला जा

कुलपांचे कारखानदार दौलतराव जाचक यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. पुण्यात अठ्ठावीस वर्षं जाहिरातसंस्था चालवणाऱ्या शालिनीताई कर्णिक एका सकाळी त्यांच्या कचेरीत गेल्या आणि नव्या जाहिरातीची ओळ त्यांनी एकदाच वाचून दाखवली: ‘खुशाल गावाला जा.’

दौलतराव उसळले. “कुलपाची जाहिरात, आणि त्यात कुलूपच नाही? ही लिहिणाऱ्याला आधी घरी बसवा. मी स्वतः बारा ओळी लिहून दिल्यात, त्या छापा.”

ओळ लिहिणारे घैसास ताईंच्या शेजारीच बसले होते. आठ वर्षं त्यांनी ताईंच्या संस्थेत दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या होत्या. ताईंनी त्यांना पहिल्यांदाच लिहायला लावलं होतं. ते कानापर्यंत लाल झाले.

“छापते,” ताई शांतपणे म्हणाल्या. “त्याआधी तुमच्या बारांतली एखादी ओळ न बघता म्हणून दाखवा.”

“अखंड पोलादी... सप्तगुणी...” दौलतरावांचा हात कागदाकडे गेला.

“राहू द्या. आता आमची म्हणा.”

“खुशाल गावाला जा,” ते बोलून गेले.

“एकदाच ऐकलीत, साहेब, आणि तीही रागात. तरी पाठ झाली. मग गिऱ्हाईक ती कसं विसरेल?”

दौलतरावांनी आपल्या बारा ओळींचा कागद घडी करून खणात टाकला. मग म्हणाले, “हीच छापा. तुम्ही लिहिलीत ना?”

ताईंच्या ओळी गावोगावच्या भिंतींवर होत्या. पण त्यातल्या एकीचाही त्यांना या ओळीइतका अभिमान वाटला नव्हता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ज्यांना घरी बसवणार होतात, त्या घैसासांनी.”